आजीचे एक वाक्य

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आजीचे एक ठरलेले वाक्य आहे. नागपंचमी जवळ आली, गौरी आल्या, किंवा शेजारची एखादी सून पिशवी भरून माहेरी जायला बसच्या थांब्यावर उभी राहिली, की आजी ओट्यावरून म्हणते, "माजं म्हायेर पाण्यात गेलं, बाय." निदान मी तरी हे वाक्य लहानपणापासून असेच ऐकत आले. घड्याळाचे ठोके पडावेत आणि ते कुणी मोजू नयेत, तसे ते आमच्या घरात पडत असे. या वाक्याने यंदा मला मानसशास्त्राच्या पुस्तकाइतकेच शिकवले. त्याची ही हकीकत आहे.

आम्ही खडकवासल्याचे. वडील गवंडी आहेत. येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधतात, त्या कामावर ते अधूनमधून कंत्राटदारामार्फत जातात. आई शनिवार-रविवारी धरणाच्या काठी कणसे भाजून विकते. आजीला अक्षरओळख नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी पत्र आले, बँकेचा निरोप आला, की तो माझ्यापुढे येतो. घरच्यांना वाटते, हिला सगळे समजते. वर्गात बसल्यावर मला वाटते, आपल्याला काहीच समजत नाही. या दोन समजुतींच्या मध्ये रोज तासाभराचा बसचा प्रवास असतो. पहिल्या वर्षी मी एकदा वर्गात "इचारलं" म्हणाले आणि दोन बाक हसले. तेव्हापासून मी बोलण्याआधी प्रत्येक शब्द मनात एकदा धुऊन घेते. ही सवय पुढे माझ्याच अंगाशी आली, ती कशी ते सांगतेच.

यंदा मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी विषय दिले. माझ्या वाट्याला आला तो असा : 'माणसाला भाषा कळते कशी, आणि संगणकाला कळते काय?' मैत्रिणींना 'ताणतणाव', 'अभ्यासाच्या सवयी' असले सुटसुटीत विषय मिळाले होते. मी सरांना विषय बदलून मागितला. ते म्हणाले, "तुझ्या घरात किती तऱ्हेची मराठी बोलली जाते? हा विषय तुझाच आहे." मला ते बोलणे तेव्हा थोडे टोचले. पण वाचायला बसले.

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की संगणकाला मराठी येणे म्हणजे एक नव्हे, दोन गोष्टी आहेत : अक्षर उमटणे आणि अर्थ लागणे. पहिल्या गोष्टीत आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली, आणि कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्र या संस्थेने पुढे वाढवले. जोडाक्षर पडद्यावर नीट दिसावे, एकाच कळफलकावरून अनेक भारतीय लिप्या लिहिता याव्यात, यासाठी माणसांनी तेव्हा वर्षेच्या वर्षे घातली. पण जोडाक्षर नीट जुळवणाऱ्या यंत्राला त्या अक्षराचा अर्थ मात्र ठाऊक नसतो. माझी आई दुकानावरच्या पाटीचे चित्र ओळखते आणि बरोबर त्याच दुकानात शिरते. त्याला आपण वाचणे म्हणत नाही.

मग अर्थ लागतो कसा? आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी यावर पुष्कळ विचार केलेला आहे. 'सैंधव' या संस्कृत शब्दाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला मालक "सैंधव आण" म्हणाला तर मीठ आणायचे, आणि बाहेर निघालेला म्हणाला तर घोडा. पंगतीत घोडा आणणाऱ्या नोकराला भाषा येत नाही असे नाही, त्याला प्रसंग कळत नाही. शब्दाचा अर्थ ठरवताना त्याच्या सोबतीला काय आहे ते पाहावे, हे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त सांगितले आहे. त्या सोबतीला त्याने 'साहचर्य' म्हटले आहे.

आता आपल्या मराठीतले 'पाणी' घ्या. तोंडाला पाणी सुटते, धरणाचे पाणी सुटते. सुरीला पाणी असते, माणसाच्या अंगातही पाणी असते. कुणी कुणाला पाणी पाजतो, कुणी किती पाण्यात आहे ते जोखतो, केलेल्या कामावर पाणी पडते. आपण एकदाही अडखळत नाही. पण मनात काय घडते ते पाहण्याचा एक प्रयोग डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने केला. तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की दोन अर्थांचा शब्द कानावर पडताच क्षणभर दोन्ही अर्थ मनात जागे होतात. संदर्भ एकाच अर्थाच्या बाजूचा असला तरीही. पुढच्या काही क्षणांतच नको असलेला अर्थ मावळतो. म्हणजे पंगतीतल्या त्या नोकराच्या मनातही घोडा एकदा खिंकाळून जातो. त्याला ते कळत नाही एवढेच.

शास्त्रकारांनी वाक्य कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा अटी सांगितल्या. 'तो अग्नीने शिंपतो' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, पण योग्यता नाही. आगीने शिंपण होत नाही. १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी माणसांना अशाच तऱ्हेची वाक्ये वाचायला देऊन त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या. 'गरम पावाला लोणी लावले' याऐवजी शेवटी 'मोजे लावले' असे काही आले, की सुमारे चारशे मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, एक विशिष्ट लहर उमटे. तर्कशास्त्राच्या ग्रंथातली 'योग्यता' अशी आलेखावर उमटलेली वाचून मला फार गंमत वाटली.

याचा अर्थ असा, की ऐकणारा माणूस नुसता ऐकत नसतो, पुढचे ताडत असतो. क्लॉड शॅनन याने १९५१ मध्ये या ताडण्याचे गणितच मांडले. माणसांना इंग्रजी मजकुरातले पुढचे अक्षर ओळखायला लावले, आणि किती वेळा चुकतात ते मोजले. माणसे फार चुकत नाहीत. कारण भाषा आपले पुढचे पाऊल बरेचसे आधीच सांगून टाकते. आजची भाषायंत्रे याच खेळात तरबेज झालेली आहेत. अफाट मजकूर त्यांच्यापुढून जातो. प्रत्येक शब्द किंवा शब्दाचा तुकडा आकड्यांच्या एका रांगेत बदलतो. ज्या शब्दांची सोबत सारखी, त्यांचे आकडे जवळ येतात. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जी रचना मांडली, तिच्यामुळे वाक्यातल्या कोणत्या शब्दाने कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यावे हेही यंत्र शिकू लागले. एवढ्या तयारीवर ते पुढचा तुकडा ताडते, मग त्याच्या पुढचा. भर्तृहरीचे साहचर्य आणि शॅननचा खेळ यांची ही गाठ आहे, असे मी माझ्या वहीत लिहिले आणि स्वतःवर खूश झाले.

प्रकल्पासाठी प्रयोग हवा होता. मी ठरवले, की घरातली पाच वाक्ये फोनमधल्या संवादयंत्राला ऐकवायची आणि त्याचे उत्तर टिपून घ्यायचे. चार वाक्ये आईबापांची घेतली. "आज धंदा बसला", "स्लॅब पडला" अशी. 'स्लॅब पडला' म्हणजे आमच्या घरात काम पुरे झाल्याचा आनंद असतो, यंत्राला मात्र तो अपघात वाटला. पाचवे वाक्य आजीचे. संध्याकाळी ती ओट्यावर बाजरी निवडत होती. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला आणि म्हटले, "आजी, ते तुझं माहेराचं बोल." ती लाजली, मग बोलली. पडद्यावर अक्षरे उमटली, त्यात 'म्हायेर'चे 'बाहेर' झाले होते. मला हसू आले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी बोलणारे सुमारे ८ कोटी ३० लाख आहेत, पण आमच्या आजीसारखे बोललेले छापलेल्या मजकुरात कितीसे सापडणार? यंत्राचा तरी काय दोष! मी उमटलेली ओळ तशीच सोडली आणि वाक्य स्वतः म्हटले, वर्गात म्हणते तसे, धुऊन : "माझं माहेर पाण्यात गेलं."

उत्तर ताबडतोब आले. हे ऐकून वाईट वाटले. तुम्ही आणि घरचे सगळे सुरक्षित आहात ना. उंच जागी जा. विजेची उपकरणे बंद करा. मदतीसाठी ११२ वर फोन करा. मी ते आजीला वाचून दाखवले. आजी इतकी हसली, की मांडीवरचे सूप कलंडले. "साठ वर्सं उशीर झाला गं त्याला!" ती म्हणाली. मग डोळे पुसून, बाजरी गोळा करता करता, हळूच म्हणाली, "पर इचारलं तरी त्यानं. तुमी कुणी कदी इचारलंत?"

माझ्या हातातला फोन तसाच राहिला.

यावर मी आधी एक विद्वत्तेचे उत्तर शोधले. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम याने 'एलायझा' नावाचा एक संगणकी कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याला काही कळत नसे. समोरच्याचे वाक्य उलटवून तो प्रश्न विचारी. कुणी आईविषयी बोलले की घरच्यांविषयी आणखी सांगा म्हणे. तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. खुद्द वायझेनबामच्या सेक्रेटरीने थोड्या वेळाने त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या कार्यक्रमाचे नाव बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या नायिकेवरून ठेवलेले. ज्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, तेच ते नाटक. फुले विकणाऱ्या मुलीला शुद्ध बोलायला शिकवतात. कणसे विकणाऱ्या बाईच्या मुलीला याहून अधिक काय सांगावे लागेल? तर मला वाटले, आजीचेही तसेच झाले. समजूत यंत्रात नव्हती, ती तिनेच आपल्या पदरची घातली. मी हे वहीत लिहूनही टाकले.

पण रात्री प्रयोगाची नोंद नक्कल करून घ्यायला फोन उघडला, तेव्हा आजीच्या तोंडून उमटलेली ओळ पुन्हा दिसली. ती अशी होती : "माझं बाहेर दोनदा पाण्यात गेलं."

दोनदा. हा शब्द कुठून आला? मला वाटले, यंत्राने चुकून घातला. सकाळी मी आजीला वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. ती म्हणाली, "माजं म्हायेर दोनदा पाण्यात गेलं." मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "असंच म्हणते की ती. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं." आईला तर तो शब्द आठवतच नव्हता. गाव एकदा बुडते, दोनदा कसे बुडेल? योग्यता नव्हती, म्हणून आमच्या मनांनी तो शब्द एकोणीस वर्षे गाळून टाकला होता. फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले आहे. परक्या मुलखातली एक गोष्ट त्याने इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि पुन्हा सांगायला लावली. जे त्यांच्या ओळखीचे नव्हते ते गळत गेले, जे उरले ते त्यांच्या ओळखीचे होऊन उरले. परीक्षेत हा प्रयोग मी सहा गुणांसाठी लिहिला होता. माझ्या घरात तो रोज चालला होता.

यंत्राला 'माहेर' कळले नव्हते, पण 'दोनदा' त्याने जसाच्या तसा टिपला. मला 'माहेर' कळत होते, आणि मी तो शब्द धुवून टाकला.

मग मी पहिल्यांदा आजीला विचारले, "दोनदा कसं गं?"

तिने सांगितले ते थोडक्यात असे. तिचे गाव वर अंबी नदीच्या खोऱ्यात. पानशेतचे धरण बांधायला घेतले तेव्हा गाव उठले. पत्रे, वासे, दारे काढून नेली. जोती आणि जड उखळे तेवढी राहिली. १९६१ च्या पावसाळ्यात धरणात प्रथमच पाणी चढले आणि त्याखाली जोते गेले. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, वरच्या अंगाला मामाकडे राहत होती. त्याच १२ जुलैला पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि पुढे पुण्यात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण धरण फुटले म्हणजे वरचे पाणी निघून गेले. काही दिवसांनी आजी आणि तिचा भाऊ चिखल तुडवीत खाली उतरले, तर जोते जागच्या जागी. उखळात गाळ भरला होता, तो तिने हाताने काढला. तिचे वडील पुन्हा तेथे झोपडे घालून राहिले, वावर पेरू लागले. दोन वर्षांनी आजीचे लग्न झाले ते त्याच जोत्यावर. पुढे धरण पुन्हा बांधून झाले, आणि माहेर दुसऱ्यांदा पाण्यात गेले.

"मग हे कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुज्या आज्ज्याचं घर त्याच पाण्यानं न्येलं. दोन बैलं ग्येली. हितं समदी त्या पाण्याला शिव्या द्यायची. अन् त्याच पाण्यानं मला माजं म्हायेर परत दिल्यालं. सासरी ह्ये कसं बोलायचं गं, बाय?"

म्हणून तिने सगळी हकीकत गिळून त्यातले एकच वाक्य बाहेर ठेवले होते, आणि त्या वाक्यातही एक शब्द असा ठेवला होता, की कुणी अडखळले असते तर विचारले असते. साठ वर्षांत कुणी अडखळले नाही.

प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. मी पूर्ण वाक्य यंत्राला दिले. त्याने पुन्हा सांत्वन केले, आणि 'दोनदा आलेल्या पुरामुळे' असे शब्द आपल्या पदरचे घातले. म्हणजे आमच्यासारखेच केले. जे नेहमी घडते ते त्याने ताडले. मग मी पानशेतची हकीकत चार ओळींत सांगितली, तेव्हा मात्र त्याने सगळे नीट जुळवून उत्तर दिले, पूर आणि बुडीत यांत फरक केला. त्याला काहीच कळत नाही असे मी आता म्हणणार नाही. पण त्या चार ओळी ओट्यावरून त्याच्यापर्यंत कुणीतरी नेल्या होत्या. आणि आजी जे बोलली नाही, का बोलली नाही, ते तर कोणत्याही मजकुरात नव्हते.

या गोष्टीची फोड मला वडिलांनी करून दिली. मी त्यांना विचारले, "तुम्ही बांधता ती नदी खरी की खोटी?" ते म्हणाले, "पाणी खरं, नदी खोटी. पण खोट्या नदीतनं खरं कळतं, म्हणून तर बांधतात." नंतर मी वाचले. शंभरपट लहान प्रतिकृतीत पाण्याचा वेग दहापट कमी ठेवावा लागतो, आणि काळही दहापट आखूड होतो; खऱ्या नदीचा तास तेथे सहा मिनिटांत सरतो. हे सगळे हिशेबाने जमते. जमत नाही ती वाळू. वाळूचा कण शंभरपट बारीक केला तर तो वाळू राहत नाही, चिखलासारखा चिकटू लागतो. म्हणून तेथे संशोधकांना वेगळी तोड काढावी लागते. मला वाटते, भाषेच्या प्रतिकृतीतही प्रवाह उत्तम जमला आहे. अडचण आहे ती वाळूची. 'दोनदा' हा तसा एक कण होता. पण केवळ यंत्रालाच हे सांगण्याचा मला अधिकार नाही. आपण प्रत्येक जण दुसऱ्याची एक प्रतिकृतीच डोक्यात बांधून तिच्याशी बोलत असतो. माझ्या डोक्यातली आजी अडाणी होती आणि तेच तेच बोलत असे.

प्रकल्प मी दिला. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली, यंत्र आणि माणूस दोघेही ताडतात. चुकल्यावर थांबून विचारणे हे समजण्याचे अर्धे काम आहे, असे लिहिले. आजीचे वाक्य तिच्याच बोलीत लिहिले, धुतले नाही. तोंडी परीक्षेत सरांनी ते मोठ्याने वाचायला लावले. मी वाचले. या वेळी कुणी हसले नाही. किंवा हसले असले तरी माझे तिकडे लक्ष नव्हते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आजीला म्हटले, "ही सगळी गोष्ट त्या फोनला सांगू का?" ती म्हणाली, "नगं. आदी तुज्या बापाला सांग. त्यालाबी ठावं न्हाई." रात्री जेवणे झाल्यावर तिने स्वतःच सांगितले. वडील गप्प ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "जोतं कोनत्या तोंडाचं व्हतं, आये?" आजीने परातीतले उरलेले पीठ जमिनीवर पसरले आणि बोटाने नदी काढली, मग तिच्या काठाला एक चौकोन. वडील पुढे सरकून वाकून बघू लागले.